नऊ फूट

बेळगावात पत्ता सांगायचा तर माणूस आधी गेट सांगतो. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. मग गल्ली, मग घर. रेल्वे गावाच्या पोटातून जाते, त्याला आपण काय करणार! आमचं घरही अशाच एका गेटाच्या अलीकडं आहे आणि यांचं दुकान पलीकडं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा लहान रुळांची गाडी होती. गेट दिवसातून मोजक्या वेळा पडायचं. गाडी जाईपर्यंत बायका भाजीची पिशवी खाली ठेवून दोन गोष्टी बोलून घ्यायच्या. पुढं रूळ मोठे झाले, गाड्या वाढल्या, आता तर दुहेरी मार्ग झाला. एक गाडी गेली म्हणून गाड्यांना किक मारावी तर दुसरी यायची असते.

आपल्याकडं रात्री जेवत नाहीत, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. पण गेटापलीकडं दुकान असलेल्या श्रावकाचं काय होतं ते सांगते. थंडीच्या दिवसांत सहा वाजून गेले की सूर्य बुडतो. हे पावणेसहाला दुकानातून निघायचे आणि गेटात अडकायचे. घरी ताट वाढलेलं, सासूबाई दारात, आणि हे रुळांच्या पलीकडून दिसताहेत, पण येता येत नाही. सूर्य बुडाला की ताट झाकायचं. सासूबाई कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायच्या, त्याच्याच शेजारी त्या यांचे खाडे लिहू लागल्या. एका मार्गशीर्षात नऊ खाडे झाले. "दुधाचा खाडा झाला तर पैसे वाचतात, याचा खाडा झाला तर काय वाचतं गं?" असं त्या मला विचारायच्या.

म्हणून पुलाची बातमी आली तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा आनंदच झाला.

एक दिवस एक तरुण मुलगा आमच्या कट्ट्यावर येऊन बसला. हातात फळी, त्यावर कागद. गेटातून जाणारी वाहनं मोजायला आलो म्हणाला. सलग सात दिवस, दिवसरात्र, पाळीपाळीनं माणसं बसणार होती. त्याला चहा दिला आणि मी आपली चौकशी केली. बी.ए.ला माझा अर्थशास्त्र हा विषय होता, त्याची खाज अजून गेलेली नाही.

त्यानं सांगितलं ते असं. दिवसभरात जाणाऱ्या रेल्वेगाड्या आणि रस्त्यावरची वाहनं यांचा गुणाकार करायचा. तो एक लाखाच्या वर गेला की गेटाच्या जागी पूल बांधायला रेल्वे निम्मा खर्च उचलते, निम्मा राज्य सरकार. म्हणजे ४० गाड्या असतील तर वाहनं २,५०० हवीत. पण सगळी वाहनं सारखी नाहीत. मोटार म्हणजे एक, बैलगाडी म्हणजेही एक. रिक्षा अर्धी. स्कूटर पाव.

मी विचारलं, "आणि चालत जाणारी माणसं?"

"ती यात धरत नाहीत काकू."

मला हसू आलं. सकाळी बस्तीला जाणाऱ्या आम्ही सगळ्या, हातात अक्षता-फळांची ताटली घेऊन रूळ ओलांडणाऱ्या, त्या कागदावर शून्य होतो. सासूबाई गेली चाळीस वर्षं ते गेट ओलांडत होत्या. त्यांचं शून्य. आमच्या घराचा बैल असता तर एक धरला असता! त्या दिवशी ही गोष्ट मी हसतहसत चार घरी सांगितली. पुढं ती मला बोचणार आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

पूल म्हणजे दोन खांब आणि वरती रस्ता, असं आपल्याला वाटतं. रुळांवरचा भाग तसा लहानच असतो. खरा पसारा दोन्हीकडच्या चढाचा. गाडी एकदम वर उडी मारत नाही, तिला लांबून चढत यावं लागतं. चढ लांब म्हणून रस्ता लांब, आणि चढाच्या दोन्ही बाजूंना खालच्या घरांसाठी वेगळा रस्ता ठेवायचा म्हणून रुंदीही जास्त. पाण्याच्या नळ्या, गटारं, विजेचे खांब सगळं हलवायचं. आणि जागा संपादन करायची. पैशांची तरतूद झाली तरी काम रखडतं ते बहुधा इथं. सिमेंटला वारस नसतात, जागेला असतात.

आमच्या दारावर लाल रंगाची खूण झाली. आत नऊ फूट. कट्टा, पुढची खोली आणि सासूबाई ज्या खिडकीत बसून जपमाळ ओढायच्या ती खिडकी, एवढं जाणार होतं. गल्लीत सभा झाली. कुणी म्हणालं पूलच नको, कुणी म्हणालं पूल हवा पण रेषा पलीकडच्या बाजूनं घ्या. पलीकडची माणसं नेमकं उलटं म्हणत होती. बस्तीत सवाल बोलताना अहमहमिकेनं हात वर करणारी आपलीच माणसं इथं खाली बघून बसली होती. मी कुणाला नावं ठेवत नाही, मीही खालीच बघत होते. अभिषेकाचा सवाल आपण आपल्या खुशीनं घेतो आणि आपलं नाव सगळ्यांसमोर पुकारलं जातं. रस्त्याला दिलेल्या नऊ फुटांवर कुणाचं नाव लागत नाही. किल्ल्यातल्या कमल बस्तीला आठशे वर्षं झाली, तिथल्या शिलालेखामुळं दान देणाऱ्यांची नावं आजही आपल्याला ठाऊक आहेत. रस्त्याला कोण शिलालेख लावणार?

पण भरपाई होती. २०१३ च्या कायद्यानं शहरात बाजारभाव आणि त्यावर तेवढीच आणखी रक्कम मिळते, बांधकामाचे पैसे वेगळे. हरकत घ्यायला साठ दिवसांची मुदत असते. हे सगळं मी वाचून काढलं, गल्लीतल्या बायकांना समजावून सांगितलं. माझा भाव वधारला. आणि मग घरातच पेच पडला.

घर अजून मामंजींच्याच नावावर होतं. ते २००९ साली गेले, पण उताऱ्यावरचं नाव बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही. कचेरीतल्या बाबूनं वारसांची नावं मागितली. यांनी लिहिलं : आई, मी, धाकटा भाऊ. बाबूनं वर बघितलं. "बहीण नाही?"

बहीण आहे. इचलकरंजीला दिली आहे. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो.

"अक्काची सही काय, आणता येईल," भावजी म्हणाले. "ती कशाला नाही म्हणेल? तिला आपण कधी काय कमी केलंय?" हक्कसोड पत्राचा मसुदा वकिलाकडून आला. सही आणायला कुणी जायचं? वैनीनं. बाई बाईशी बरी बोलते.

मी गेले. इचलकरंजीच्या बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होते. घर मोडतंय, पैसे दुरुस्तीतच जाणार, भावांचा संसार आहे. सगळी वाक्यं खरी होती. आणि ती मी आधी ऐकलेली होती. माझे वडील गेल्यावर निपाणीला माझ्या भावानं मला हीच वाक्यं सांगितली होती. मी न वाचता सही केली होती. मला इरकली साडी मिळाली, डाळिंबी रंगाची. ती मी अजून नेसते.

अक्कानं पोहे केले, चहा केला. कागद वाचला, अगदी सावकाश, चष्मा पुसून पुसून. मग म्हणाली, "सही करते की. कुठं करायची दाखव. पण वैनी, एक विचारू? माहेरच्या कागदावर तू सही केलीस, त्या रात्री तुला झोप लागली होती?"

मला उत्तर देता आलं नाही. लागली नव्हती. साडी उशाशी होती आणि मी रडत होते, आणि कशासाठी रडतेय हे मला सांगता येत नव्हतं. कुणी मारलं नव्हतं, हाकललं नव्हतं. भाऊ बसस्टँडपर्यंत सोडायला आला होता. पण मोजताना मला धरलं नव्हतं.

अक्का पेन शोधायला उठली. मी म्हटलं, "असू दे अक्का. आज नको." कागद पिशवीत घातला आणि संध्याकाळच्या बसनं परत आले. सूर्य बुडाला होता, जेवायचा प्रश्नच नव्हता.

यांना सांगितलं, सही नाही आणली. तिनं नाही म्हटलं का? नाही, मीच घेतली नाही. घरात असं शांत झालं की रुळांवरची गाडी स्वयंपाकघरातून जातेय असं वाटलं. भावजी म्हणाले, "वैनी, तुम्ही कुणाच्या घरच्या?" हा प्रश्न बाईला दोन्ही घरी विचारतात.

मी त्यांना कायदा सांगितला. वडिलांची स्वतःची कमाई असेल तर १९५६ पासूनच मुलीचा वाटा मुलाएवढा आहे, आणि तो कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. पूर्वी एवढंच होतं की राहत्या घराची वाटणी भावांनी काढल्याशिवाय बहिणीला मागता येत नसे. २००५ साली तीही अट गेली. आपल्या घरात आई, दोन मुलगे, एक मुलगी म्हणजे चार सारखे वाटे. हे मी नवीन काही मागत नाही, साठ-बासष्ट वर्षांपूर्वीचा हिशेब सांगतेय.

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझा नवरा वाईट माणूस नाही. ज्याला आयुष्यभर कुणी सांगितलंच नाही, त्याला एकाएकी सांगितलं की राग येतो. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी कॅलेंडर खाली काढलं. म्हणाल्या, "एवढी वर्षं मी तुझे खाडे लिहिले. माझ्या पोरीचे कुणी लिहिले? फॉर्म आण."

त्यांनी चौथं नाव स्वतः लिहिलं. लहानपणी चौथीपर्यंत शिकलेल्या त्या, अक्षर मोठं आणि वाकडं. चौकटीत मावलं नाही, पण लिहिलं.

पैसे आले ते चार ठिकाणी आले. अक्कानं तिच्या वाट्यातून सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं, उरलेले स्वतःच्या नावावर ठेवले. भावजी वेगळे राहायला गेले. दोन वर्षं क्षमावाणीला आले नाहीत. आपण सगळ्यांशी मिच्छामि दुक्कडम् म्हणतो, आणि ज्याच्याशी म्हणायचं तोच घरी येत नाही, तेव्हा कळतं की ते किती जड आहे. तिसऱ्या वर्षी मीच गेले. चहा झाला, विषय निघाला नाही. आता येणंजाणं आहे, पण पहिल्यासारखं नाही. हे लपवून सगळं गोड झालं असं लिहिलं तर खोटं होईल.

पूल झाला. हे आता उजेडी घरी येतात. सासूबाईंनी ते दीड वर्ष पाहिलं. कॅलेंडरवर खाडा नसलेला मार्गशीर्ष त्यांनी मला दाखवला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. चालणाऱ्यांसाठी मात्र पुलाला आधी जिना नव्हता. आराखड्यात आम्ही शून्यच होतो ना! गल्लीतल्या आणि बस्तीतल्या बायकांनी मिळून अर्ज दिला, तीन वेळा दिला, मग एका बाजूला जिना झाला. दुसऱ्या बाजूचा अर्ज माझ्या टेबलावर आहे, त्यावर अजून सह्या हव्या आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्याही गल्लीत कधी लाल खूण होईल. रस्ते होणार, पूल होणार, ते व्हायलाच हवेत. तेव्हा एवढं करा. घराचा उतारा आजच काढून बघा, नाव कुणाचं आहे ते पाहा. हरकतीची मुदत चुकवू नका. आणि समोर कागद आला की सही करण्याआधी तो वाचा. द्यायचंच असेल तर द्या, त्याग आपल्याला नवा नाही. दशलक्षणात आपण उत्तम आकिंचन्याचा दिवस पाळतो. पण आपलं काय होतं हे ठाऊक असल्याशिवाय ते सोडलं असं कसं म्हणायचं?

निपाणीचा कागद मी परत उघडला नाही. उघडेन असंही वाटत नाही. भावाला मात्र मागच्या राखीपौर्णिमेला मी अक्काची ही सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकत होता. मग उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

कट्टा गेल्यामुळं आता आम्ही पायरीवर बसतो. पायरी अरुंद आहे, दोघींना बसायला जरा सरकावं लागतं. अक्का येते तेव्हा मी सरकते.