खिडकीतला वारा

आषाढात आमच्या सांगलीकडे वारा भरपूर. दुपारी भांडी आवरून मागच्या खोलीत बसले की पिंपळ ऐकू येतो. त्याच्या पानांचे देठ लांब नि बारीक, म्हणून बाकीची झाडं गप्प असली तरी हा सळसळतोच. डोळे मिटले तर पाऊसच लागलाय असं वाटतं. दोनदा तर मी दोरीवरचे कपडे काढायला धावलेय!

सासूबाई सामायिकाला बसल्या की ४८ मिनिटं पंखा बंद. वायुकायिक जीवांची विराधना नको. मी बी.कॉम. झालेली नवी सून, घामाघूम होऊन मनात हिशेब मांडायची. पंख्याचा वारा आणि खिडकीतला वारा, फरक काय? एकदा विचारलंच. म्हणाल्या, "तो आपण केलेला, हा आपला आलेला."

शेवटच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. मुलगा एसी बसवू म्हणाला, तर नको म्हणाल्या. "तेवढी खिडकी उघड गं." वारा तोंडावर आला की डोळे मिटून हसायच्या. एके दिवशी पुटपुटल्या, "सगळं सोडलं, हा स्पर्शाचा मोह काही सुटत नाही बघ."

"लावून घेऊ का खिडकी?"

जरा वेळाने म्हणाल्या, "राहू दे."

आता सामायिकात मीही पंखा लावत नाही. खिडकी मात्र उघडी असते. माळ ओढताना पिंपळ सुरू झाला की बोटं थांबतात, कितवा मणी ते विसरते, आणि पुन्हा पहिल्यापासून.