पाण्यावर उभे राहणे

देवळ्याच्या माणसाने पाण्यावरील खेळाविषयी लिहावयास बसावे, हे पाहून आमच्या गावच्या वाचकांस हसू आल्यावाचून राहणार नाही. आमच्या मुलखात पाणी हे मोजण्याचे, राखण्याचे आणि प्रसंगी त्यावरून भांडण्याचे. त्यावर खेळण्याचे नव्हे. सटाण्याच्या वाटेवर लोहोणेर येथे गिरणा नदी लागते. सह्याद्रीत उगम पावून कळवण, देवळा, मालेगाव अशी वाट चालत ती पुढे खानदेशात तापीस मिळते. परंतु पावसाळा सरला की तिच्या पात्रात वाळू व गोटेच अधिक दिसतात, आणि चणकापूरच्या धरणातून आवर्तन सुटले म्हणजे लोक पुलावर थांबून कौतुकाने पाणी पाहतात. अशा मुलखात वाढलेल्या आम्हांस वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका फळीवर, भर पाण्यात, दोन पायांवर उभे राहण्याचा योग आला. त्याची ही हकीकत आहे.

प्रथम आमच्या भीतीची गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही सहावीत असताना आमचा एक सोबती गिरणेच्या डोहात बुडाला. त्या वेळी आम्ही काठावर होतो. त्याची हाक आम्ही ऐकली. पण आम्हांस पोहता येत नव्हते. धावत जाऊन माणसे आणली, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. त्याच्या आईने आम्हांस कधी बोल लावला नाही. पुढे बाजारात भेटली म्हणजे ती आमच्या डोक्यावरून हात फिरवी, आणि तो मायेचा हातच आम्हांस सहन होत नसे. आमची आजी म्हणे, “पानीना भरोसा नही, भाऊ.” शिक्षक झाल्यावर हेच वचन आम्ही शुद्ध मराठीत दर उन्हाळी सुटीपूर्वी वर्गात सांगत आलो: पाण्याजवळ जाऊ नका.

हे सांगण्यास कारणही होते. अलीकडे आमच्या भागात शेततळी पुष्कळ झाली आहेत. त्यांच्या उतारावर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला व त्यावर शेवाळ धरले, म्हणजे पडलेल्या मुलास हाताने वा पायाने कोठे पकडच मिळत नाही. काठ दोन हातांवर असून तो वर येऊ शकत नाही. त्याला काढावयास उडी घेणाऱ्याचीही तीच गत होते. एका घरातील दोन मुले एकाच तळ्यात गेल्याचे वृत्तपत्रात वाचले, की आम्ही वर्गात अधिकच कठोर स्वर काढीत असू. त्याने आपले कर्तव्य पुरे झाले, असा आमचा समज होता.

गेल्या नाताळाच्या सुटीत आम्ही सहकुटुंब मालवणजवळ तारकर्लीस गेलो होतो. आठवीत शिकणारा आमचा भाचाही बरोबर होता. तेथे कर्ली नदी समुद्रास मिळण्यापूर्वी बराच वेळ किनाऱ्याशी समांतर वाहते, आणि नदी व समुद्र यांच्यामध्ये देवबाग गावची चिंचोळी पट्टी आहे. नदीचे ते संथ पाणी, काठची माडांची रांग आणि पलीकडे लाटांचा घोष, असे ते स्थळ. काही तरुण पाण्यावर फळ्या टाकून, त्यांवर उभे राहून, लांब वल्ह्याने विहार करीत होते. भाच्याने तसे जाण्याची परवानगी मागितली. आम्ही नेहमीचे वचन उच्चारले. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मामा, पाण्यात जाऊ नका, असे तुम्ही नेहमी सांगता. पण चुकून पडलो तर काय करायचे, ते कधीच सांगितले नाहीत.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. चोवीस वर्षे शिकविण्याचा धंदा केलेल्या माणसास आपण नेमका मुख्य धडाच वगळला, हे एका मुलाने दाखवून द्यावे! आम्ही फळीवाल्या तरुणाकडे गेलो आणि दोन जाकिटे मागितली: एक भाच्याकरिता आणि एक स्वतःकरिता.

या साधनास इंग्रजीत स्टँड-अप पॅडलबोर्ड असे नाव आहे. फळी सुमारे दहा-अकरा फूट लांब व अडीच फुटांहून किंचित अधिक रुंद असते. पुष्कळ फळ्या हवा भरून फुगविलेल्या असतात, तरी लाकडाप्रमाणे टणक लागतात. मागील टोकास खालून माशाच्या परासारखे पाते असते. त्यामुळे फळी सरळ चालते. वल्हे आपल्या उंचीहून सुमारे वीतभर लांब असून त्याचे पाते दांड्याशी किंचित कोन करते. तो कोन पुढील बाजूस ठेवावयाचा असतो. आम्ही अर्थातच उलटे धरले होते. आधी फळीच्या मध्यावर गुडघे टेकावे, वल्हवून तिला थोडी गती द्यावी, मग एकेक पाऊल टेकून, गुडघे सैल ठेवून उभे राहावे, असा क्रम आहे. वल्हे पुढे पाण्यात रोवून घोट्यापर्यंत ओढावे आणि बाहेर काढावे. तोल जाऊ लागला म्हणजे वल्हे वर उचलण्याचा मोह होतो. वास्तविक ते पाण्यात असणे हाच आधार असतो.

आम्ही उभे राहिलो, आपल्या पायांकडे पाहिले आणि पडलो.

तीस वर्षांहून अधिक काळ ज्या क्षणाची धास्ती घेतली होती, तो क्षण आला आणि दोन श्वासांत सरला. जाकिटाने आम्हांस वर आणले. पायास बांधलेल्या दोरीमुळे फळी जवळच होती. तरुण म्हणाला, “खाली बघू नकात, सर. समोर त्या माडाकडे बघा.” आम्ही आणखी दोन वेळा पडलो. चौथ्या खेपेस माडावर दृष्टी ठेवली, आणि पाय आपोआप स्थिरावले.

या खेळात मनास ओढणारे काय आहे, ते तेव्हा कळले. होडीत मनुष्य बसलेला असतो. पाणी त्याच्या बरोबरीस असते. फळीवर तो उभा असल्यामुळे खाली पाण्याच्या पोटातील वाळू दिसते आणि वर दूरवरचा काठ दिसतो. पाण्याची लहानशी थरथरही तळपायांस कळते. संथ पाण्यावर कोणाशी स्पर्धा नसते; वल्ह्याचा आवाज आणि आपला श्वास, एवढेच ऐकू येते. वाहत्या नदीवर मात्र पुढचे वळण व खडक वाचावे लागतात. तेथे पायास दोरी बांधू नये, असा नियम आहे. ती फांदीत वा दगडात अडकली तर प्रवाह माणसास दाबून धरतो. म्हणून चटकन सुटणारी दोरी कमरेस लावतात. समुद्राच्या लाटेवर तर आणखी निराळी विद्या लागते. लाट फळीच्या कुशीवर घेतली तर ती उलटविते, नाकासमोर घेतली तर वाट देते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर पाणी कितीही शांत दिसो, नवशिक्याने जाऊच नये. कारण उभा मनुष्य हा वाऱ्यास शिडासारखाच असतो. एकाच फळीवर या तीन शाळा आहेत.

या खेळाचे मूळ हवाई बेटांत आहे. तेथील लोक लाटांवर फळीने स्वार होण्यात फार पूर्वीपासून निपुण. १९१२ साली स्टॉकहोम येथील ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकणारा ड्यूक काहानामोकू याने ही विद्या जगभर नेली. पुढे वायकीकीच्या किनाऱ्यावर काही जण फळीवर उभे राहून वल्हे मारू लागले, आणि १९९० नंतरच्या दशकात लेअर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा यांनी माउई बेटावर त्यास आजचे रूप दिले. या इतिहासात आमच्यासारख्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. ज्या अमेरिकन मिशन मंडळाचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस आले, त्याच मंडळाचे लोक १८२० साली हवाईस पोहोचले. त्यांनी तेथेही शाळा काढल्या, लोकांस अक्षरे दिली; परंतु त्यांच्यापैकी काहींस तो लाटांवरचा खेळ मुळीच रुचला नाही. त्यांचे ऋण आम्ही मानतो; तरी ‘जाऊ नका’ हे वचन आमच्या एकट्याचेच नव्हते, हे वाचून आम्हांस थोडे हसू आले.

त्या सायंकाळी आम्हांस मत्तयाच्या शुभवर्तमानातील चौदावा अध्याय आठवला. पेत्र तारवातून उतरून पाण्यावर चालू लागतो, आणि वाऱ्याकडे त्याचे लक्ष जाताच भिऊन बुडू लागतो. दृष्टी कोठे ठेवावी, हा त्यातील धडा आम्ही रविवारच्या शाळेत कितीदा तरी सांगितला आहे. परंतु त्या दिवशी दुसरीच गोष्ट डोळ्यांत भरली. प्रभूने त्यास आधी हात देऊन धरले आणि मग ‘अल्पविश्वासी’ म्हटले. आम्ही मात्र इतकी वर्षे बोलच लावीत आलो. हात कसा द्यावा, हे आम्हांसच ठाऊक नव्हते.

कोरड्या मुलखातील मुलांस पाण्याची विद्या काय कामाची, असे कोणी म्हणेल. त्यास आमच्या शेजारच्या चांदवड तालुक्याकडे बोट दाखवितो. तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर राबला, २०१२ साली सैन्यात गेला आणि तेथे नौका वल्हविण्यास शिकला. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवावयाच्या शर्यतीत तो तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या नौकेतून त्याने भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. विहिरीच्या तळाशी पाणी शोधणारा मुलगा पाण्यावर देशाचे नाव नेतो, तर आमच्या मुलांनी निदान आपला जीव राखण्यापुरते पाणी शिकावे, ही अपेक्षा मोठी नाही.

देवळ्यास परत आल्यावर आम्ही व भाचा दोघांनी पोहण्याच्या वर्गात नाव घातले. पंचेचाळीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे पाहून लहान मुले हसत. आम्हीही हसत होतो. उन्हाळा संपेतो आम्हांस पाण्यावर उताणे तरंगता येऊ लागले आणि तलावाची लांबी कशीबशी कापता येऊ लागली. यंदा सुटीपूर्वी वर्गात आमचे भाषण निराळे झाले. पाण्याजवळ एकटे जाऊ नका, हे सांगितलेच. पण पुढेही सांगितले. पडलात तर धडपडू नका, उताणे व्हा, तोंड वर ठेवा. दुसरा पडला तर मागून उडी घेऊ नका. दोर, बांबू, साडी, रिकामा कॅन, जे हाती लागेल ते टाका आणि माणसे बोलवा. शेततळ्याच्या काठी गाठी मारलेला दोर खुंटीस बांधून आत सोडून ठेवा, म्हणून घरी सांगा. सुटीनंतर काही मुलांनी आमच्या तळ्यावर दोर बांधला, असे येऊन सांगितले. विद्यार्थ्यांनो, राहिलेल्यांनीही तो बांधावा.

एक काम उरले होते. आमच्या त्या सोबत्याची आई आता फार थकली आहे. तिच्याकडे गेलो, ओसरीवर बसलो आणि सांगितले की, माय, आम्ही पोहावयास शिकलो. ती बराच वेळ बोलली नाही. मग पूर्वीसारखाच डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “बरं करं, भाऊ. आते पोरेस्ले बी शिकाड.”

त्या दिवशी तो हात आम्हांस प्रथमच जड वाटला नाही.