टॉपच्या वरचा गिअर

२००२ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नांदेडला आमच्या विहारात महिला बचत गटाची बैठक होती. गटात आम्ही चौदा जणी. दरमहा पन्नास रुपये बचत, शेकडा दोन रुपये व्याज आणि हिशेबाची वही माझ्याकडे. त्या रविवारी कर्जाचा एकच अर्ज होता आणि तो माझाच होता. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, ‘गाडीचा गिअरबॉक्स बदलणे, रुपये बारा हजार.’

शेळी, शिलाई मशीन, लेकीचं बाळंतपण, पोराची फी, अशीच कारणं तोवर वहीत होती. गिअरबॉक्स हा शब्द पहिल्यांदाच आला. बारा हजार म्हणजे गटाची जवळपास निम्मी पुंजी, आणि ती मागणारी वही सांभाळणारीच! सगळ्या गप्प बसल्या. मग आमच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या आत्याबाई म्हणाल्या, “कामून गं? त्याच्यातून काय पिकतं?”

त्याआधी आमच्या गाडीविषयी सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर पाऊसही सुरू झाला. तेव्हा हे दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. धान्याची पोती घेऊन त्या भागात कितीतरी फेऱ्या मारल्या. काळ्या चिकण मातीत ट्रक रुतून बसायचे. पुढची चाकंसुद्धा ओढणारी जीप तेवढी निघायची. घेतली तर अशीच गाडी घ्यायची, हे यांनी तेव्हाच ठरवलं. पुढे सरकारी लिलावातून महिंद्राची जुनी डिझेल जीप घेतली. मागचा भाग कापून पिकअपसारखा हौदा केला. अर्धापूरची केळी लातूरला न्यायची आणि येताना लातूरच्या डाळमिलमधली डाळ आणायची, असा धंदा सुरू झाला. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एका बाजूचे सुमारे एकशे चाळीस किलोमीटर.

गाडी चिखलात वाघ आणि डांबरी रस्त्यावर मात्र जीव खाणारी. तिला पुढे जायचे गिअर तीनच. तिसरा टाकला की ड्रायव्हरच्या भाषेत टॉप. साठच्या वेगाला इंजिन असं कोकलायचं की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे. शनिवारी मी सोबत जायचे, पण नांदेड ते लातूर आमचं एक वाक्यही धड व्हायचं नाही. घरी आल्यावरही यांच्या कानात गुणगुण राहायची. मी जेवायला हाक मारली तर उत्तर यायचं नाही. मला वाटायचं, रागावले आहेत.

ह्याचं कारण मिस्त्रीने एकदा डिफ्रंट उघडून दाखवलं. मोठ्या क्राउनला ४३ दात, छोट्या पिनियनला ८. म्हणजे चाक एकदा फिरायला वरचा शाफ्ट पाच पूर्णांक अडतीस शतांश वेळा फिरतो. मी घरी येऊन गणित मांडलं. साठच्या वेगाला आमचं चाक मिनिटाला साधारण साडेचारशे वेळा फिरतं, म्हणजे टॉपमध्ये इंजिनाला चोवीसशे फेरे घ्यावे लागतात. जीप मूळची अमेरिकेच्या लष्करासाठी झालेली. महिंद्राने ती १९४७पासून मुंबईत जोडायला सुरुवात केली. ओढण्यासाठी केलेली गाडी, पळण्यासाठी नव्हे. त्यात आमचं डिझेल इंजिन इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनावरून बेतलेलं. ट्रॅक्टर कधी साठने पळतो का?

मोडीत निघालेल्या एका जीपचा पाच गिअरचा डबा, ट्रान्सफर केससकट, मिस्त्रीच्या नजरेत होता. त्यात चौथ्या गिअरला इंजिन आणि शाफ्ट बरोबरीने फिरतात. पाचव्याला शाफ्टचे फेरे इंजिनापेक्षा जास्त होतात. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. चोवीसशेच्या जागी दोन हजारांच्या आसपास भागणार होतं. (अमेरिकेत जुन्या जीपसाठी वॉर्न कंपनीचा ओव्हरड्राइव्ह वेगळा मिळायचा, ट्रान्सफर केसच्या मागची झाकणी काढून तिथे बसवायचा, असं मुलाने पुढे वाचून सांगितलं. आम्हाला तेव्हा ते कुठलं ठाऊक!)

हे सगळं आत्याबाईंना कसं सांगायचं? कोपऱ्यात शिवणवर्गाचं मशीन होतं. मी पायडल मारलं. म्हटलं, “बघा, खालचं मोठं चाक एकदा फिरलं की वरचं लहान चाक कितीदा फिरतं. पायाला कष्ट कमी, टाके जास्त. तसंच हे.” आत्याबाईंनी जवळची गोधडी उचलली आणि सुईखाली सारली. पाय अडला. “आन् जाड लागलं की?” त्या म्हणाल्या. त्यांचा प्रश्न मिस्त्रीला विचारण्याच्या लायकीचा होता. चढावर, भरल्या गाडीला पाचवा चालत नाही. खाली यावंच लागतं. तेही मी सांगितलं.

पण एक गोष्ट मी फुगवून सांगितली. लिटरमागे तीन किलोमीटर वाढतील आणि डिझेलच्या बचतीतूनच हप्ता जाईल, असं म्हणाले. मिस्त्री म्हणाला होता, “दोन वाढतील, चांगली चालवली तर.” कर्ज मंजूर झालं.

काम पाच दिवसांचं होतं, पंधरा लागले. नवा डबा जुन्यापेक्षा लांब. त्यामुळे ट्रान्सफर केस मागे सरकली. मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागला, पुढचा वाढवावा लागला. खालचा आडवा पट्टा सरकवला, पाटा कापून गिअरच्या दांड्याला नवं भोक पाडलं. गाडी निघाली आणि पन्नासच्या पुढे जाताच अशी थरथरू लागली की हौद्यातली केळी लातूरला पोचेपर्यंत काळी पडली. व्यापाऱ्याने निम्मा भाव दिला.

दोष शाफ्टमध्ये निघाला. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंटचे जे कान असतात ते एका रेषेत हवेत. कापण्याआधी मिस्त्रीच्या हाताखालच्या पोराने खडूची रेघ मारली होती. लेथवाल्याने ती पुसली आणि अंदाजाने वेल्डिंग केलं. कान तिरके बसले. पुन्हा कापणं, जोडणं, तोल करून घेणं, ह्यात अठराशे रुपये गेले. लेथवाला म्हणाला, “माझं काम बरोबर होतं.” ते पैसे मी शिवणकामातून भरले, गटाला त्याची झळ लागू दिली नाही.

गाडी सुरळीत झाली तरी पहिल्या महिन्याची वही बघून मला घाम फुटला. लिटरला दहा मिळायचे, ते साडेदहा झाले होते. मी एका शनिवारी सोबत गेले आणि उलगडा झाला. इंजिन शांत म्हणून यांना वेग कळत नव्हता, काटा पंचाहत्तरवर! गिअरने वाचवलेलं डिझेल हे पायाने जाळत होते. त्या दिवसापासून पन्नास-पंचावन्नचं बंधन घातलं. कुरकुर झाली, पण दुसऱ्या महिन्यापासून बारा मिळू लागले.

बारा. तेरा नाहीत. डिझेलच्या बचतीत हप्त्याचे निम्मे पैसेही निघत नव्हते. तिसऱ्या महिन्यात माझा हप्ता चुकला. बैठकीत मीच माझ्या नावापुढे दहा रुपये दंड लिहिला आणि मिस्त्रीचे खरे शब्द सांगितले. एक बहीण चिडली, “तूच असं केलंस तर आम्ही कुणाला विचारावं?” तिचं बरोबर होतं. वही दुसरीकडे द्यायला मी तयार होते. आत्याबाई म्हणाल्या, “वही ऱ्हाऊ दे तिच्याकडं. पर येथून पुढं अर्जदारानं मिस्त्रीला संगं आणायचं.” तो नियम पुढेही राहिला.

हप्ते फिटले ते दुसऱ्याच वाटेने. पूर्वी आठवड्याला दोन खेपा करून हे आडवे व्हायचे. आता शरीर कमी दमू लागलं, तिसरी खेप जमू लागली. बारा महिन्यांत कर्ज फिटलं.

आणि आम्ही गाडीत बोलू लागलो. मुलीला डिप्लोमाला पाठवायचं हे लोहा ते अहमदपूरच्या मध्ये ठरलं. यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, हेही मला तिथेच कळलं. मी डाव्या बाजूला बसलेली असायचे म्हणून यांना माझं ऐकू यायचं. बालाघाटाचा चढ लागला की हे पाचव्यातून चौथ्यात, मग तिसऱ्यात येत. इंजिन पुन्हा कोकलायचं, बोलणं तुटायचं. चढ संपला, दांडा पाचव्यावर गेला, की हे मान माझ्याकडे वळवून म्हणायचे, “हं, काय म्हणत होतीस?”