एका टिंबाने खाल्लेले नऊ इंच

गेल्या वर्षी आई पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरी आली ती वॉकर घेऊनच. आमचं गडहिंग्लजजवळचं घर जुनं, दगडमातीचं. सोपा, माजघर, मागे परसू. न्हाणीघर परसात, दोन पायऱ्या उतरून. त्या दोन पायऱ्या आईला आता डोंगरासारख्या झाल्या होत्या.

मी इथे बेंगळुरूला, व्हाइटफील्डमध्ये. रजा संपल्यावर परत येताना बाबांना म्हटलं, "माजघराला लागून कोठीची खोली आहे ना, तिथेच आईसाठी बाथरूम करू. नकाशा मी काढते. हल्ली मोबाईल-कॉम्प्युटरवर सगळं होतं."

होतं खरं. स्वीट होम थ्रीडी नावाचं घराचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. भिंती ओढायच्या, दारं-खिडक्या बसवायच्या, की शेजारीच घर उभं राहिलेलं दिसतं. दोन रात्रींत मला वाटायला लागलं, आपण अर्ध्या आर्किटेक्ट झालो!

पहिल्याच दिवशी अडले ती फरशीवर. चार भिंती काढल्या, आत डबल क्लिक केलं तर फरशी खोलीत न मावता भलतीकडेच पसरली. तासभर डोकं धरून बसले. मग एक कोपरा मोठा करून पाहिला, तर दोन भिंतींमध्ये केसाएवढी फट! भिंतीचं टोक दुसऱ्या भिंतीच्या टोकाला नीट चिकटवलं आणि खोली झाली. तुमचंही असं झालं तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी कोपरे तपासा.

दुसरी फजिती जाडीची. भिंतीची लांबी तिच्या जाडीच्या मधोमध मोजली जाते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आतून १० फूट हवे म्हणून मी भिंत १० फुटांची ओढायचे. दोन्ही बाजूंची भिंत ९ इंची असेल तर आत उरतात ९ फूट ३ इंच. म्हणजे ओढायला हवी १० फूट ९ इंचांची. आमच्या जुन्या भिंती तर दीड-दीड फुटाच्या! यावर उपाय सोपा आहे. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मापाची रेघ ओढायची आणि तो आकडा टेपच्या आकड्याशी ताडून बघायचा.

तिसरी गोष्ट लॅपटॉपची. इंटरनेटवरून नळ, कमोड, आरसे, कुंड्या अशी हौसेने गोळा केलेली मॉडेल्स टाकत गेले आणि माझा जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला. एकदा तर तो बंदच पडला आणि संध्याकाळची सगळी मेहनत गेली. तेव्हापासून कुंड्या काढून टाकल्या. रोज फाईल नव्या नावाने, तारीख घालून साठवायची सवय लावली आणि एक प्रत स्वतःलाच मेल करायला लागले.

हे सगळं शिकले आणि तरी सगळ्यात मोठी चूक राहिलीच.

बाबांनी कोठीची मापं वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवला होता. लांबी १०, रुंदी ७.१०. मी मापाचं एकक दशांशातले फूट ठेवलं होतं. जसं लिहिलं होतं तसं टाकलं, ७.१०.

त्या रुंदीत कमोड, बेसिन आणि वॉकर वळवायला जागा काही केल्या बसेना. चार रात्री मी कमोड इकडून तिकडे फिरवला. शेवटी ठरवलं, मागची भिंत पाडून खोली परसात फूटभर वाढवायची. पण तिथे आईचा सोनचाफा. माझ्या जन्माच्या वर्षी तिने लावलेला. मी फोनवर भीत भीत सांगितलं. आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "असू दे. झाडाचं काय एवढं." बाबा काहीच बोलले नाहीत.

त्या रविवारी मी व्हाइटफील्डच्या इनर सर्कलला फिरायला गेले. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला वसाहतीसाठी ३,९९९ एकर जमीन दिली, तिथून या गावाची सुरुवात. संघटनेच्या डी. एस. व्हाइट यांच्यावरून गावाला नाव पडलं. मधे मोकळी जागा आणि भोवती गोल रस्ता, अशी आखणी. तेव्हा कुणीतरी कागदावर एक वर्तुळ काढलं आणि आज मी त्यावरून चालत होते. वाटलं, आपली स्क्रीनवरची रेघही अशीच कुणाच्या तरी पायाखाली येणार. आपल्याला चुकली तर पुसता येते. आईला नाही येणार.

परत येताना बाबांना फोन केला. "भिंतीला हात लावायच्या आधी मिस्त्रींना नकाशा जमिनीवर आखायला सांगा. आणि मला व्हिडिओ कॉल करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मिस्त्री टेप घेऊन कोठीत उभे.

"ताई, तुमच्या नकाशात खोली आटलीया की वो! हितं ७ फूट १० इंच भरतंय आणि कागदावर ७ फूट १ इंच."

मी चमकून वहीचा फोटो उघडला. ७.१०. बाबांचं टिंब म्हणजे सात फूट दहा इंच. कॉम्प्युटरचं टिंब म्हणजे सात पूर्णांक एक दशांश फूट, म्हणजे ७ फूट आणि जेमतेम सव्वा इंच. त्या टिंबाने जवळजवळ नऊ इंच खाल्ले होते!

मिस्त्री हसून म्हणाले, "फुटाचं टिंब येगळं आणि शाळेतलं टिंब येगळं असतंय, ताई."

चाफा वाचला. पण काम अजून संपलं नव्हतं. बाबांनी आईची रांगोळी आणली आणि मिस्त्रींनी खोलीत कमोड, बेसिन, दार सगळं आखलं. दार मी २ फूट ६ इंचांचं दाखवलं होतं. मिस्त्रींनी दोन्ही कडांना एकेक वीट उभी केली. "ही चौकट. अडीच-अडीच इंच हिचं." उरले २५ इंच. आईचा वॉकर बरोबर २५ इंच. आई चालत आली आणि वॉकर विटांना घासून अडला. तिने माझ्याकडे, म्हणजे फोनकडे पाहिलं. मला बोलवेना.

दार ३ फूट ५ इंचांचं केलं. चौकट वजा जाता मोकळे ३६ इंच. सार्वजनिक इमारतींच्या सुगम्यतेच्या नियमांत किमान ९०० मिलिमीटर सांगितलेत, तेवढे भरले. मिस्त्रींनीच आणखी एक सुचवलं, दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगालाच अडतं. जुन्या जाड भिंतीत नवं दार फोडायचं म्हणून इंजिनिअरला मात्र प्रत्यक्ष बोलावलं. ते काम सॉफ्टवेअरचं नव्हे आणि माझंही नव्हे.

तुम्हीही घरबसल्या नकाशा काढत असाल तर एवढं करा. मापं घेणाऱ्याला फूट आणि इंच शब्दांत लिहायला सांगा. व्हॉट्सॲपवर गेलेल्या नकाशाला प्रमाण उरत नाही, म्हणून प्रत्येक भिंतीवर आकडा लिहा. छापलात तर पट्टी लावून बघा. १:५० च्या नकाशात १० फुटांची भिंत कागदावर २.४ इंच भरली पाहिजे. आणि त्या घरात ज्याला चालायचंय, त्याला आधी रांगोळीवर चालवून बघा.

बाथरूम होऊन आता चार महिने झाले. आई एकटी जाते, एकटी येते. गेल्या आठवड्यात बाबांनी ओट्याच्या कठड्याची मापं पाठवली. वहीचं तेच पान, तेच अक्षर. फक्त या वेळी लिहिलं होतं, 'सहा फूट चार इंच. टिंब नाही.'