भिंतीवरचं चालतं बी

पासिर रिस, सिंगापूर

प्रिय सोनू,

तुमच्या मोरीच्या भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखं जे काही सरकतं, ते आमच्याकडेही आहे. पासिर रिस समुद्राकाठी, इथल्या उद्यानातच खारफुटी. वर्षभराची सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. या किड्याला असाच दमटपणा लागतो. तुमच्या कोकणात तो रमला यात नवल नाही.

ती पतंगाची अळी आहे. प्रजाती फेरेओएका, म्हणजे कपड्यांना लागणाऱ्या कसरीची भाऊबंद. आधी ती रेशमाची कमान विणते. बाहेरून वाळू, केस, धागे, मेलेल्या किड्यांचे तुकडे चिकटवते. आतून मात्र निव्वळ रेशीम. कमान लांबवत बोगदा करते, खालून मिटवते आणि घर ओढत निघते. कात टाकली की घर वाढवायचं. शेवटी ते ८ ते १४ मिलिमीटर होतं. दार दोन्ही टोकांना. आतल्या आत वळून ती कुठूनही डोकं काढते. गंमत वाटली ना? मला अजून वाटते.

रंगावर जाऊ नकोस. आमच्याकडे घर सिमेंटसारखं राखाडी, तुमच्याकडे जांभ्याच्या धुळीने तांबूसही असेल. बागेतल्या झाडांवर काटक्यांची घरं लोंबतात, त्या अळ्या वेगळ्या कुळातल्या, पानं खाणाऱ्या.

आता जातीचं. १८९२ साली रेबेलने ‘अल्युटेला’चं वर्णन केलं, १८९७ मध्ये वॉल्सिंगहॅमने ‘युटेरेला’चं. ॲनेट आयेलो यांनी पनामात अल्युटेला पाळून तिचा जीवनक्रम १९७९ मध्ये छापला. सिंगापुरात सगळे सर्रास युटेरेला म्हणतात. मी मात्र भिंतीवरच्या घराचा फोटो बघून प्रजातीपुढे जाणार नाही. त्यासाठी पतंग हातात हवा, तोही सूक्ष्मदर्शकाखाली.

तुझ्या आईला म्हणावं, औषध मारू नको, कोळिष्टकं काढ. जुनी जाळी हे या अळीचं आवडतं खाणं. लोकरीचे कपडे तेवढे सांभाळा.

एखादी अळी बरणीत ठेव, झाकणाला भोकं पाड, थोडं जाळं टाक. पतंग बाहेर पडला की कोषाची रिकामी साल घराच्या टोकाशी अडकलेली दिसेल. मादी नराहून मोठी, पंख पसरून १० ते १३ मिलिमीटर, पुढच्या पंखांवर गडद ठिपके. पतंग काही खात नाही, तेव्हा लगेच फोटो काढ आणि शेजारी फूटपट्टी ठेवायला विसरू नकोस.

तुझी,
आत्या