जामीनदार

वसईचे ते पाच जण आमच्याकडे उतरले ते ओळखीने नव्हे, अडचणीपोटी. मी सुरतेच्या उधन्यात महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक. माझा एक सहकारी नवापूरकडचा, ख्रिस्ती. नाताळच्या आधी लाजपोरच्या मध्यवर्ती कारागृहात जाणारी ही मंडळी त्याच्याकडे राहायची होती; ऐन वेळी त्याचे सासरे दवाखान्यात. “सर, तुमच्या वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत ना?” होत्या. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, एवढंच.

साठी ओलांडलेल्या एक सिस्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक नर्स आणि दोन तरुण मुलं. कैद्यांसाठी काम करणारी ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ 1981 साली केरळात सुरू झाली. ही माणसं तिच्यातलीच. सिस्टरांच्या पाकिटात संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांचं चित्र असे. 1941 मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत एका बायकापोरांच्या माणसाऐवजी मरायला पुढे झालेला हा पोलिश धर्मगुरू. ज्याला कोल्बे यांनी वाचवलं तो 1995 पर्यंत जगला, हे सिस्टर विशेष आनंदाने सांगायच्या.

गल्लीत कुजबुज झालीच. गुजरातेत धर्मांतरबंदीचा कायदा 2003 पासून आहे, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला. “सर, बघा हं, नसती भानगड,” असं दोघांनी ऐकवलं. मी इतिहासाचा मास्तर. म्हटलं, 1664 मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा फादर अँब्रोझ यांच्या मठाला हात लावू दिला नाही, असं फ्रेंच प्रवासी बर्नियेने लिहून ठेवलंय, मग मी कोण? खरं तर या पाहुण्यांचे नियम आमच्या शंकांपेक्षा कडक होते. कैद्याला गुन्हा विचारायचा नाही. धर्माची गोष्ट आपणहून काढायची नाही. गाणी म्हणायची, पत्रं लिहून द्यायची, घरचे पत्ते घ्यायचे.

माय पहिल्या दिवशी गप्पच होती. शेवभाजी वाढली, कळण्याची भाकरी वाढली, पोंक, म्हणजे इथला हुरडा, आणवला, पण बोलली नाही. दुसऱ्या रात्री सिस्टर तिच्याबरोबर भांडी पुसत होत्या आणि मायने विचारलं, “तिथं अंथरायला काय देतात?” मग पाण्याचं विचारलं. मग, भेटीला आलेल्या बाईला उन्हात उभं ठेवतात का, ते. हे प्रश्न ऐकीव माहितीतून येणारे नव्हते.

मी लहान असताना बाबा काही महिने ‘गावी’ होते. गावी म्हणजे पारोळ्याला, असं मी धरून चाललो होतो. ते सुरतेच्या जेलात होते. यंत्रमागाच्या खात्यातून सूत चोरल्याचा आळ. पुढे निर्दोष सुटले. पण जामीन मंजूर होऊनही ते आतच राहिले, कारण जामीनदाराच्या नावावर घर लागतं, आणि खानदेशातून आलेल्या आमच्या माणसांत तेव्हा सगळेच भाड्याच्या खोलीत. हे सगळं मायने मला नाही, त्या परक्या बाईला सांगितलं. मी दाराशी उभा राहून ऐकलं. सिस्टरांनी धीर दिला नाही, देवाचं नाव काढलं नाही, “किती वेळ चालत जायचात?” एवढंच विचारलं.

आजही भारतातल्या तुरुंगांत चारांपैकी जवळपास तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे. जामीन मिळूनही सात दिवसांत कोणी सुटला नाही तर तुरुंगाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. सांगितलं, हे खरं.

सिस्टरांच्या वहीत डिंडोलीचा एक पत्ता होता. मुलगा आत, आई घरी, बोली अहिराणी. वसईकरांना ती कळेना. माय उठली, लुगडं बदललं आणि रिक्षात बसली. गुडघ्यांमुळे देवळातही न जाणारी बाई! दुपारी परतली ती थेट माझ्यापुढे. पोराचा जामीन कधीच झालाय, उभं राहायला कोणी नाही. “आपल्या घराचं वेराबिल, घरपट्टी, तुझ्याच नावावर ना?”

मी मास्तरी शहाणपण सांगू लागलो. तो पळाला तर रक्कम माझ्याकडून वसूल होईल, आपण ओळखत नाही, सरकारी नोकरी. तिने ऐकून घेतलं.

“तुना बापले कोनी जामीन भेटना नही,” ती म्हणाली आणि आत गेली.

काकांनी कागदांची यादी करून दिली, वकिलाकडे बरोबर आले. कोर्टात माझी सही झाली तोवर मंडळी परतीच्या तयारीत होती. निघताना त्यांनी विजेच्या बिलासाठी पाकीट पुढे केलं. मायने ते काकांच्या खिशात परत कोंबलं आणि वर हुरड्याची पिशवी दिली.

त्या पोराची प्रत्येक तारीख माझ्या कॅलेंडरवर असते, आणि त्या दिवशी शाळेत माझं लक्ष लागत नाही. आजवर एकही तारीख त्याने चुकवलेली नाही. माय त्याला जेवायला बोलावते. तो माझ्याशी कमी बोलतो, तिच्याशी अहिराणीत खूप. बाबांविषयी आता मीही तिला विचारतो. ती सांगते, कधी वैतागून, कधी हसत, स्वयंपाक करता करता.

सिस्टरांचा फोन आला की आधी त्या पोराची चौकशी, मग माझी. माय फोन हिसकावून घेते. मागच्या वेळी आणलेली सुकेळी संपली, यंदा जास्त आणा, आणि वरच्या खोलीचा पंखा आता बदललाय, असं तिने त्यांना कळवलं आहे.