दगड्याचं वजन

रविवार, 1 डिसेंबर 2024
आजपासून दगड्याचं खाणं बंद. आठवडाभर तो दिव्याखाली बसायला तयार नाही, कौलाच्या तुकड्याखाली तोंड खुपसून पडलेला असतो. दीड वर्षाचा बिअर्डेड ड्रॅगन सरडा. गेल्या हिवाळ्यात जागाच होता, यंदा मात्र झोपणार. मूळ ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखातलं जनावर. तिथे थंडी जून ते ऑगस्ट. पण सुरतेतल्या डिंडोलीत वाढलेल्याचं अंग इथलाच लहान झालेला दिवस मोजतं.

ही काही अस्वलाची झोप नव्हे. मधेच उठेल, पाणी पिईल, परत पडेल. मात्र पोट रिकामं हवं. अंग गार पडलं की पचन थांबतं आणि आतलं अन्न कुजतं. म्हणून खाणं बंद केलं तरी पोट साफ होईपर्यंत दिवे चालू ठेवायचे. वजन 418 ग्रॅम. लेंडी तपासून घ्यायची होती, राहून गेली.

रविवार, 22 डिसेंबर
दिवे बंद करून आठवडा झाला. 412. माय रोज एकदा काचेला नाक लावून विचारते, “हाऊ जिता शे का रे?” दोन बोटांनी पोटाजवळ बघावं लागतं. खूप वेळाने एक श्वास.

अप्पा यंत्रमागाच्या खात्यावरून रात्रपाळी करून आले आणि दार लोटून झोपले. आमच्याकडे दिवसा झोपलेल्या माणसाला कुणी उठवत नाही. माय तर कुकरची शिट्टीही होऊ देत नाही. तोच नियम आता काचपेटीला लागू.

रविवार, 5 जानेवारी 2025
पहाटे खोलीत 17 अंश. वजन 401. पंधरा दिवसांत अकरा ग्रॅम. झोपेत थोडं उतरायचंच, असं म्हणून वही मिटली.

रविवार, 12 जानेवारी
374. काटा दोनदा शून्यावर आणून बघितला. पेटीत ओली, उग्र वासाची विष्ठा. सहा आठवडे पोटात अन्न नाही, मग हे आलं कुठून? डोळे खोल गेलेत, कमरेची हाडं हाताला लागतात. 418 मधून 44 गेले, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. निरोगी जनावर झोपेत एवढं उतरत नाही.

माय म्हणाली, “झोपीसन ऊठना का मानूस ताजा दिसस. हाऊ तं वाळी ऱ्हायना.” रात्रपाळीवाल्याच्या घरात झोप ओळखायला तिला वजनकाटा लागत नाही.

सोमवार, 13 जानेवारी
दवाखान्यात आमच्या आधी मांजाने पंख कापलेलं कबुतर होतं, त्याआधी घार. उद्या उत्तरायण. 10 ते 20 जानेवारी जखमी पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालतं, पक्ष्यांच्या डॉक्टरांना या दिवसांत जेवायला सवड नसते. तरी त्यांनी डबीतली विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कॉक्सिडिया.

हे परजीवी धडधाकट ड्रॅगनच्या आतड्यातही थोडे असू शकतात. अंग गार पडलं की त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते आणि त्यांचं फावतं. औषध लगेच द्यायचं नाही. गार शरीर अन्न पचवत नाही, तसं औषधही नीट वापरू शकत नाही. आधी ऊब, मग पाणी, मग औषध. डॉक्टरांनी वही उलटून पाहिली आणि विचारलं, “5 तारखेला का नाही आलात?”

मंगळवार, 14 जानेवारी
गच्चीगच्चीवरून ‘काय पो छे’चा गलका. मी खाली, हातात थर्मामीटर. काल 25, आज 30, उद्यापासून दिव्याखाली 40 अंश. वाळू काढून टाकली, तळाला गुजराती पेपर अंथरला. तो रोज बदलायचा, नाहीतर स्वतःच्याच विष्ठेतून लागण परत होते. कोमट पाण्यात बसवलं तेव्हा तो बराच वेळ नुसता बसून राहिला. मग जीभ बाहेर आली.

रविवार, 26 जानेवारी
379. औषध चालू. शेवग्याची तीन पानं खाल्ली, चौथ्याकडे बघून मान फिरवली. वर्षाची अतिनील नळीही बदलली. उजेड पडतो म्हणजे अतिनील किरणही पडतात असं मी धरून चाललो होतो. हाडं ठिसूळ होतात ती अशाच भरवशावर.

रविवार, 16 फेब्रुवारी
402. जास्वंदीचं अख्खं फूल गेलं. विष्ठा परत तपासली, स्वच्छ. वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: नोव्हेंबर. आधी लेंडी, मग झोप.

अप्पा सकाळी खात्यावरून आले. कपड्यांना सुताचा भुगा. चपला काढायच्या आत विचारलं, “कितला भरना?”

“चारशे दोन.”

त्यांनी मान हलवली आणि दार लोटून घेतलं. मायने कुकर गॅसवरून उतरवला.